साधा सरडा

दोघांनी एकमेकांचे जबडे धरले होते आणि कोणीच सोडत नव्हतं. दगडाच्या माथ्यावरून ते गुंतून खाली घसरले, धुळीत लोळले, तरी दात तसेच रुतलेले. एकाच्या गळ्याखालचा निळा पदर फाटून लोंबत होता. दुसऱ्याच्या ओठातून आलेलं रक्त मातीत कालवून काळं पडलं होतं.

मी पालथी पडून बघत होते. हातात गळाची काठी, तिच्या टोकाला बारीक दोऱ्याचा फास. सरडे पकडायची आमची हीच पद्धत. फास हळूच मानेवरून सरकवायचा आणि अलगद उचलायचं. सरडा काठीकडे संशयानं बघत नाही. तो फक्त माणसाच्या हाताला भितो.

"कोण वर हाय?" मागून कोंडाबाईनं विचारलं. तिची मेंढरं पलीकडच्या उतारावर चरत होती आणि ती आमच्याकडे तमाशा बघायला आली होती.

"अजून ठरलं नाही."

"बाप्यांचं कवा ठरतंय? ती बघ, जिच्यापायी रगात सांडलंय, ती कशी ढिम्म बसलीया."

मादी हातभर अंतरावर बसली होती. मातकट, अंगावर विटकी नक्षी, गळा पांढरट आणि सपाट. रंगाचा एक ठिपका नाही.

"बाप्याला पदर आन् बाई बिनपदराची," कोंडाबाई म्हणाली, "उलटाच संसार ह्यांचा."

हे ती पहिल्यांदा म्हणाली होती तेव्हा उकिडवे सर इतके हसले होते, की त्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून आम्ही सरड्याला पदऱ्या म्हणायला लागलो. पुस्तकात त्याला फक्त लांबलचक लॅटिन नाव होतं, आणि त्या नावापुढे कंसात एक शब्द: नामशेष. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी त्याचा शेवटचा नमुना एका बरणीत उरला होता. ती बरणीही कुठल्याशा सामानाच्या हलवाहलवीत फुटली. त्यानंतर पदऱ्या कोणी पाहिला नव्हता. सर मात्र निवृत्तीनंतरही माळामागून माळ तुडवत राहिले, आणि आदल्या उन्हाळ्यात याच माळावर एका दगडावरून त्यांच्याकडे बघत कोणीतरी निळा गळा फुलवला.

मी तेव्हा नुकतीच एम.एस्सी. होऊन त्यांच्या हाताखाली आले होते. पहिल्याच दिवशी कुंपणाकडे बोट दाखवून म्हणाले होते, "सर, तिथे साधा सरडा आहे."

"साधा?" त्यांनी चष्मा काढला. "अहो कोपर्डे, साधा नावाची जात मला दाखवा. मी तिचा शोधनिबंध तुमच्या नावानं छापतो."

मग त्यांनी मला भर उन्हात बसवून त्या सरड्याच्या मानेवरचे खवले बघायला लावले आणि नाव नीट घेतल्याशिवाय पाणी दिलं नाही. चुकीचं नाव ही त्यांच्या दृष्टीनं शिवी होती. एकदा एका संस्थेनं त्यांना मानपत्र दिलं. त्यावर छापलेल्या पक्ष्याखाली भलतंच नाव होतं, म्हणून भर सभेत त्यांनी ते परत केलं होतं.

मी फास सरकवला. मादी क्षणभर हवेत पोहली आणि माझ्या मुठीत आली. पोट टम्म होतं. बोटाखाली अंडी लागत होती, ओल्या शेंगदाण्यांसारखी. तिला सुती पिशवीत घालून मी नाडी बांधली. त्या दिवशी तिची मापं घ्यायची होती आणि दुसऱ्या दिवशी साहेबांना ती दाखवायची होती.

सगळं त्या साहेबांवर अडलं होतं. माळाच्या दक्षिणेला मुरूम खणायला यंत्रं येऊन थांबली होती. संबंधित कार्यालयातून एक अधिकारी येणार होते. त्यांनी डोळ्यांनी पदऱ्या पाहिला, तर खाणकाम थांबणार होतं. नाही पाहिला, तर पावसाआधी माळ खरवडून निघणार होता. सरांनी त्या कार्यालयाला पाठवलेल्या अहवालात नराचा फोटो जोडला होता आणि जागा लिहिली होती, अगदी ओढ्याच्या वळणापासून कोणत्या दिशेला ते. मी विचारलं होतं, इतकं नेमकं कशाला. ते म्हणाले, "जागा नसलेला प्राणी म्हणजे अफवा."

हिवराच्या झाडाखाली सर वजनकाटा मांडत होते, तेवढ्यात दोन पिकअप माळावर चढल्या.

आधी कुत्री उतरली. दोन कारवानी, लांब पायांची, बरगड्या दिसणारी. मग माणसं. काठ्या, पहारी, एकाच्या खांद्यावर तारेचं भेंडोळं. सगळ्यात शेवटी पांढऱ्या शर्टातला गजा मुकादम. खाणीवरची माणसं तो आणायचा, हे आम्हाला माहीत होतं. आमच्याशी तो नेहमी गोड बोलायचा.

"नमस्कार सर. मॅडम, उन्हात काय करताय? सावलीत बसा. आमचं थोडं काम आहे, तासाभरात आटोपतो."

"कसलं काम?" सरांनी विचारलं.

गजानं मोबाइल काढून माणसांसमोर धरला. "नीट बघून घ्या रे. असा निळ्या गळ्याचा. एक पण ऱ्हायला नाही पाहिजे."

मी त्याच्या शेजारून डोकावले. दगडावरचा नर, पदर पूर्ण उघडलेला, डाव्या कोपऱ्यात सरांच्या मोजपट्टीचं टोक. हा आमचाच फोटो होता.

सरांनीही तो पाहिला. त्यांचा चेहरा एकदम रिकामा झाला. "हा तुमच्याकडे कसा?"

"आला," गजा म्हणाला. "हल्ली काय, सगळ्यांकडे सगळं येतं."

माणसं ओळीनं पांगली आणि गवत झोडपत पुढे निघाली.

पळणारा प्राणी मारायला वेळ लागतो. पदऱ्या पळत नव्हता. विणीच्या दिवसांत नर आपला दगड सोडत नाही. समोर जो येईल, दुसरा नर असो की बैल, त्याला तो पदर फुलवून दाखवतो: ही जागा माझी आहे. माणसं जवळ आली तसे माळभर दगडादगडांवर निळे गळे उघडत गेले. मी त्या माळावर एकाच वेळी इतके नर कधी पाहिले नव्हते. आमच्या अंदाजापेक्षा ते कितीतरी जास्त होते, आणि हे मला कळलं ते त्यांच्या डोक्यांवर काठ्या पडताना.

आवाज बारीक होता. सुकी शेंग फुटावी तसा. काठी पदरावर बसायची, निळं कातडं दगडाला चिकटून राहायचं. कुणी पहारीनं दगड उलटवून खालचं चिरडत होतं. एकजण मेलेल्यांच्या जबड्यातून तार ओवत होता, आणि काही अजून मेले नव्हते. तारेवरही एकानं गळा फुलवायचा प्रयत्न केला. ते बघून तार धरणारा हसला, "च्यायला, अजून रुबाब बघ!"

"थांबवा हे!" सर धावले. "हा गुन्हा आहे! तुम्हाला कल्पना नाही तुम्ही काय..."

"सर, बसा," गजा म्हणाला.

सर बसले नाहीत. त्यांनी त्या माणसाच्या हातातली तार धरली. एक काठी त्यांच्या खांद्यावर आली. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. दुसरी तोंडावर. चष्मा गेला, आणि ते गुडघ्यावर बसले, तरी तार सोडेनात. तारेनं त्यांचा तळवा चिरला. मग कुणीतरी छातीत लाथ घातली तेव्हा हात सुटला.

मी किंचाळत पुढे गेले. एकानं मला वेणीला धरून मागे ओढलं आणि जमिनीवर आपटलं. गालात कुसळं घुसली. तिथून मला दिसलं ते कोंडाबाईचं कुत्रं, खंड्या. केसाळ, म्हातारं, एका कानाचं. मेंढरांकडून ते बाणासारखं आलं आणि पहिल्या कारवानीच्या गळ्याला लागलं. दोघं गरागरा फिरली. दुसऱ्या कारवानीनं खंड्याचं मागचं तंगडं धरून ताणलं, आणि एका माणसानं शांतपणे जागा बघून पहार त्याच्या पाठीत घातली. खंड्याचं मागचं अंग तिथेच बसलं. पुढचं अंग तरीही चावत राहिलं. मग पहार पुन्हा खाली आली.

कोंडाबाई ओरडली नाही. तिनं कमरेची गोफण सोडली.

पहिला दगड सुटल्याचं मला दिसलंच नाही. पहारवाल्याच्या तोंडातून एकदम लाल फवारा उडाला आणि तो दोन्ही हात ओठांवर धरून वाकला. बोटांमधून दात गळले.

"ये की!" कोंडाबाई म्हणाली. गोफण तिच्या डोक्यावर घुमत होती. "लांडग्याचं टकुरं फोडलंय म्या. तुझं काय नवलाचं हाय, मुडद्या?"

दुसरा दगड एकाच्या नडगीवर बसला, तिसरा कारवानीच्या बरगडीत. ते कुत्रं केकाटत पिकअपखाली गेलं. क्षणभर सगळी ओळ मागे सरली. मला वाटलं, झालं, आता पळतील. पण एकजण हिवराला वळसा घालून तिच्या मागे पोचला होता. त्याची काठी तिच्या मनगटावर बसली. गोफण पडली. ती डाव्या हातानं उचलायला वाकली, तेव्हा त्यानं तिला पायानं ढकलून दिलं.

"पुरे!" गजा ओरडला. "म्हातारीला हात नका लावू. धनगरांचा वाडा गोळा होईल सगळा." मग तो माझ्याकडे वळला. माझ्या खांद्यावरची झोळी त्यानं काढून घेतली आणि उलटी केली. मोजपट्टी, पाण्याची बाटली, पेन, आणि सुती पिशवी.

पिशवी हलत होती.

"हे काय?"

त्यानं नाडी सोडली, आत हात घातला आणि मादी बाहेर काढली. तिनं त्याच्या अंगठ्याला चावा घेतला, पण त्याच्या जाड कातडीला तो कळलाही नसावा. त्यानं तिला उलटं केलं, गळा पाहिला, मोबाइल पाहिला, पुन्हा गळा.

"निळा नाही."

"नाही," मी म्हणाले.

"मग कशाला पकडलाय? काय आहे हा?"

माझ्या तोंडात माती होती. मी काहीतरी नाव घ्यायला हवं होतं, कुठलंही. एकही आठवेना. गजा माझ्या डोळ्यांत बघत होता आणि त्याचा अंगठा तिच्या पोटावर सरकत होता, तिथेच, जिथे अंडी होती. त्याला संशय आला होता.

"सर," तो मान न वळवता म्हणाला, "तुम्ही तर खोटं बोलत नाही म्हणे. सगळा तालुका सांगतो. सांगा, हा कोण?"

सर कुशीवर पडले होते. एक हात लुळा, तोंडातून रक्ताची लाळ. त्यांना चष्म्याशिवाय नीट दिसत नव्हतं, पण त्यांना बघायची गरज नव्हती. मी मनात म्हणत होते, सर, गप्प राहा. कारण ते काय करतील ते मला माहीत होतं. ते खरं नाव घेतील. भर सभेत मानपत्र परत करणारा माणूस होता तो.

सर थुंकले. मग स्वच्छ आवाजात म्हणाले, "साधा सरडा आहे."

"साधा?"

"बागेतला. कुंपणावर बसतो ना, डोकं हलवतो, तो. पोरीला पकडायला शिकवत होतो."

"मग मारला तर चालतंय?"

"मारा. गावात पैशाला पासरी आहेत." त्यांनी डोळे मिटले. "फक्त त्यांच्या चाव्यानं कधीकधी बोट सुजतं. मारल्यावर हात धुवा."

गजानं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी त्याच्या शर्टाच्या गुंडीकडे बघत राहिले. एखादी गोष्ट वाचवायची तर तिच्याकडे बघायचंही नसतं, हे मी त्या गुंडीकडे बघत शिकले.

"थू," तो म्हणाला, आणि खांद्यावरून मागे ती भिरकावून दिली.

ती कुठे पडली ते मी पाहिलं नाही. मान वळवलीच नाही.

ते गेले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तारेचा भारा पिकअपच्या मागच्या फळीला बांधलेला होता आणि चालत्या गाडीबरोबर हेलकावत होता. माळ शांत होता. एकाही दगडावर काही नव्हतं. कोंडाबाई खंड्याजवळ बसली होती. तिचं उजवं मनगट सुजून वांग्यासारखं झालं होतं, आणि डाव्या हातानं ती त्याच्या एकुलत्या कानातले गोचीड काढत होती, जणू तो जिवंतच होता.

"पोरी," ती म्हणाली, "तुझी ती पोटुशी त्या पांढऱ्या धोंड्याखाली घुसलीया. जित्ती हाय."

मी सरांचं डोकं मांडीवर घेतलं. "सर, मादी वाचली. दगडांवरचे उरलेसुरले तुकडे मी गोळा करते. उद्या साहेब आले की सगळं दाखवू."

"कोपर्डे," ते म्हणाले, "तो फोटो मी एकाच ठिकाणी पाठवला होता."

मला समजायला वेळ लागला.

"आपण त्यांना जागा सांगितली," ते म्हणाले. "आपणच. इतकी नेमकी." आणि ते रडायला लागले. मोडलेल्या खांद्याला प्रत्येक हुंदक्यासरशी कळ लागत होती, तरी ते थांबेनात.

साहेब दुसऱ्या दिवशी माळावर गेलेच नाहीत. ते थेट तालुक्याच्या दवाखान्यात आले, सफरचंदं घेऊन. पडल्याचं ऐकून फार वाईट वाटलं, म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले.

"तर सर, आहे का हो तुमचा तो सरडा?"

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. सरांचं तोंड टाके घालून शिवलेलं होतं. शब्द कसेबसे येत होते.

"नाही," ते म्हणाले. "माझी ओळखण्यात चूक झाली."

"म्हणजे?"

"बागेतला साधा सरडा निघाला. विणीच्या दिवसांत रंग बदलतो. वय झालं, नजर फसते. अहवाल मागे घेतो मी."

"अरेरे," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला दिसला. "होतं असं कधीकधी. तुमच्यासारख्यांकडून होतं म्हणजे नवलच, पण होतं."

ते गेल्यावर सर भिंतीकडे तोंड करून झोपले. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "त्यांनी निळे शोधले. माद्या कुणी शोधल्याच नाहीत. यंत्रं चालू व्हायच्या आत जा."

मी गेले. कोंडाबाईच्या मनगटाला बांबूच्या कांबी बांधल्या होत्या. ती दगड दाखवायची, मी फास सरकवायचे. मातकट, विटक्या, कुणाच्याही नजरेत न भरणाऱ्या माद्या. जवळजवळ सगळ्यांची पोटं भरलेली. पलीकडे यंत्रांचं पहिलं खोरं जमिनीत शिरलं तेव्हाही आम्ही शेवटच्या कोपऱ्यात होतो. आमच्याकडे कुणी पाहिलं नाही. आम्ही साधे सरडे धरत होतो.

कोंडाबाईचा मेंढरांचा वाडा तसाही चराईला दुसरीकडे हलणार होता. घोड्याच्या पाठीवर नवजात कोकरांची झोळी होती, आणि कोकरांच्या पोटाखाली, उबेला, सुती पिशव्या. वाटेत एका नाक्यावर कुणीतरी झोळीत हात घालून पाहिला. कोकरू बें करून ओरडलं आणि त्यानं हात काढून घेतला.

कुठे गेलो ते मी लिहिणार नाही.

पुढची वर्षं सरांना सोपी गेली नाहीत. त्यांची चूक वर्गात उदाहरण म्हणून शिकवली जाऊ लागली. आशेच्या भरात माणूस काय काय बघतो, त्याचा नमुना. एका परिषदेत एका तरुण संशोधकानं पडद्यावर तो फोटो लावून सगळी मापं काढून दाखवली आणि सभागृह हसलं. सर पहिल्या रांगेत होते. चहाच्या वेळी त्यांनी त्या मुलाच्या पाठीवर हात ठेवला. "तुमची मापं काळजीपूर्वक घेतलेली आहेत," ते म्हणाले. मी त्या मुलाशी भांडायला पुढे सरकले. त्यांनी माझ्या हातात बिस्किट ठेवलं.

मला सांगायचं आहे ते त्यानंतरच्या उन्हाळ्याचं. सरांचा खांदा वाकडाच जुळला होता, तरी त्यांनी हट्ट धरला. कोंडाबाई आम्हाला घ्यायला रस्त्यापर्यंत आली होती, बरोबर नवं कुत्रं, दोन्ही कानांचं. त्या दुसऱ्या माळावर सर अवघडून पालथे झोपले. मी शेजारी झोपले. बराच वेळ फक्त वारा होता.

मग समोरच्या दगडावर कुणीतरी आलं, आमच्याकडे पाहिलं आणि गळा उघडला. निळा. मधोमध काळी रेघ, कडेला नारिंगी. पळाला नाही. ही जागा माझी आहे.

सरांनी चष्मा नाकावर नीट बसवला.

मागच्या पायवाटेवर मोटारसायकल थांबली. दुधाच्या किटल्या अडकवलेल्या. तरुण मुलगा होता, अंगावर धुरळा. "काय बघताय हो आजोबा? काय हाय तिथं?"

सर वळले नाहीत. "काही नाही बाळा," ते म्हणाले. "साधा सरडा."

मोटारसायकल निघून गेली. तिचा आवाज उतारापलीकडे पूर्ण विरेपर्यंत सर थांबले. मग त्यांनी हनुवटी हातावर टेकली, त्या दगडाकडे बघितलं, आणि हळू, एकेक अक्षर सुटं करून, त्याचं खरं नाव घेतलं.